तीन नकारांची अट

ही गोष्ट २०३८ सालची. त्या वर्षी मी सत्त्याहत्तर पूर्ण केली होती आणि निवृत्त होऊन सतरा वर्षं झाल्यावर पुन्हा नोकरीला लागले होते. त्या वयात कुणी नोकरी देत नाही. मला मिळाली, याचं कारण मला एक जुनी विद्या येत होती. ती तोवर जवळजवळ कुणालाच येईनाशी झाली होती.

१९८३ साली मी पुण्यात एका सरकारी संगणक केंद्रात प्रोग्रॅमर म्हणून लागले. चपला दाराबाहेर काढून, अंगावर स्वेटर चढवून आम्ही त्या गार खोलीत जात असू. मशिनला स्वतःचं काही कळत नसे. त्याला सगळं अटी घालून सांगावं लागे. अमुक खरं असेल तर हे कर, नाहीतर ते कर. माझं पहिलं मोठं काम एका परीक्षेच्या निकालाचं होतं. मी आधी लिहिलं, पस्तीसपेक्षा कमी गुण असतील तर नापास. आणि त्याच्याखाली लिहिलं, नाहीतर, तेहेतीस किंवा चौतीस असतील तर सवलतीचे गुण देऊन पास. चाचणीत एकालाही सवलत मिळाली नाही. मशिन वरून खाली वाचतं आणि पहिली खरी अट सापडली की तिथंच थांबतं. चौतीसवाला पहिल्याच ओळीत नापास होऊन बाहेर पडत होता. दोन ओळींची अदलाबदल केली आणि अकराशे मुलं पास झाली. आमचे साहेब म्हणाले, "बाई, तुम्ही एक शब्दही बदलला नाहीत." ते वाक्य मला अजून आठवतं.

नंतर काळ बदलला. मशिनं स्वतःच शिकू लागली. लाखो उदाहरणं पाहून ती उत्तर देत. उत्तर बहुधा बरोबर असे, पण ते का दिलं हे ती बनवणाऱ्यालाही सांगता येत नसे. दवाखान्यांतही ती आली. मग कुणाच्या आईला उपचार नाकारले गेले, कुणाच्या वडिलांना नको असताना नळ्या घातल्या गेल्या, आणि कोर्टात कारण विचारल्यावर कुणाकडे कारण नव्हतं. शेवटी कायदा झाला. मशिननं ऐकावं, बोलावं, नाडी मोजावी. पण जिथं माणसाच्या जगण्यामरण्याचा प्रश्न आहे तिथला निर्णय उघड्या नियमांनीच व्हावा. ते नियम एका पानात मावावेत, मराठीत असावेत आणि वॉर्डच्या दारावर लावलेले असावेत. त्यात कुणाचंही नाव, जात, गाव येता कामा नये. नियम लिहिणाऱ्याची आणि एका डॉक्टरची सही असल्याशिवाय त्यात काना-मात्राही बदलू नये.

असे नियम लिहायला माणसं हवी होती. नव्या मुलांना ते जमेना. त्यांना मशिनशी गप्पा मारायची सवय होती. म्हणून आमच्यासारख्या जुन्यांना शोधून काढलं. मिरजेतल्या एका धर्मादाय रुग्णालयात मला बोलावलं. मी मिरजेतच राहत होते, माझ्या मोठ्या जावेबरोबर. आम्ही दोघी विधवा, घर एकच.

वॉर्डचं पान मी डॉ. केतकी हावळ यांच्याबरोबर बसून लिहिलं. केतकी पस्तिशीची, भराभर बोलणारी. मला काकू म्हणायची. पानावर चारच ओळी होत्या.

जर एका नकाराची नोंद असेल, तर उपचार करू नका. बहात्तर तास पुन्हा विचारू नका.

नाहीतर, जर रुग्ण शुद्धीवर नसेल आणि जीव धोक्यात असेल, तर न विचारता उपचार करा.

नाहीतर, जर होकाराची नोंद असेल, तर उपचार करा.

नाहीतर, रुग्णाला विचारा.

नकाराची ओळ सगळ्यात वर असावी, हा माझा हट्ट होता. केतकीला शुद्धीची ओळ वर हवी होती.

"मग नाही म्हणालेला माणूस बेशुद्ध पडला की तुम्ही त्याला धरून सुया टोचणार," मी म्हटलं. "त्याच्या नाहीला काय अर्थ राहिला?"

"आणि बहात्तर तास कशाला, काकू?"

"तेवढ्यात नातेवाईक येतात. रडतात, पाया पडतात. माणूस कंटाळून हो म्हणतो. तो होकार त्याचा नसतो."

तिनं सही केली. पलंगाच्या डोक्याशी पांढरी पेटी बसली. ती दिवसभर नाडी बघे आणि गरज पडली की एका भारदस्त पुरुषी आवाजात विचारी. वर्षभर ते पान दारावर होतं. तीन जिल्ह्यांतल्या दवाखान्यांनी त्याच्या नकला नेल्या. मला त्याचा अभिमान होता, हे कबूल करते.

त्या फेब्रुवारीत अकरा नंबरच्या पलंगावर दस्तगीर सतारमेकर नावाचे गृहस्थ होते. एक्क्याऐंशी वर्षांचे. साठ वर्षं भोपळे कोरून तंबोरे आणि सतारी केलेल्या. दोन्ही मूत्रपिंडं थकली होती. पेटीनं विचारलं, डायलिसिस सुरू करू का? ते म्हणाले, "नको." दुसरा शब्द नाही. त्यांची मुलगी शबाना, पन्नाशीची, वाद्यांचं दुकान तीच चालवायची. तिनं मला जिन्यात गाठलं.

"मॅडम, ते पान तुम्ही लिहिलंय म्हणे. अब्बांना एकदा परत विचारा ना. सकाळी इडली गार आली म्हणून चिडले होते ते. रागात बोलले."

"नियम सगळ्यांना एकच असतो, ताई. त्यात कुणाचं नाव घालता येत नाही."

"नाव नका घालू. फक्त परत विचारा."

"बहात्तर तासांनी पेटी आपणहून विचारेल."

"तोवर राहतील का?"

मी जिना उतरून गेले. त्याचं उत्तर नियमात असायची गरज नव्हती.

दुसऱ्याच दिवशी दुपारी कुमुदवहिनी, म्हणजे माझी जाऊ, तुळशीपाशी कोसळल्या. त्यांचं वय चौऱ्याऐंशी. त्यांना त्याच वॉर्डात आणलं, नऊ नंबरला. हृदयाचे ठोके पाडणारी विजेची वाट मध्येच तुटली होती. वरच्या कप्प्याचा निरोप खालच्या कप्प्याला पोचत नव्हता. त्या बेशुद्ध होत्या, नकाराची नोंद नव्हती, म्हणून दुसरी ओळ लागू झाली. कुणी काही विचारलं नाही, ठिबक लावली, नाडी पस्तीसवर येऊन टिकली. सकाळी त्या डोळे उघडून चहा मागत होत्या. आता छातीत पेसमेकर बसवायचा होता. अर्ध्या-पाऊण तासाचं काम. मी घरी जाऊन आंघोळ करून दहा वाजता परत आले.

केतकी दारातच उभी होती. "काकू, नकाराची नोंद झाली आहे."

"कुणाच्या?"

"तुमच्या जाऊबाईंच्या."

मी आत गेले. वहिनी उशीला टेकून बसल्या होत्या. चेहरा पांढुरका, पण तोंड फुगलेलं.

"वहिनी, तुम्ही नको म्हणालात?"

"म्हणाले. म्हणजे काय, लगेच हो म्हणू? परक्या माणसानं विचारलं, बसवू का. मी म्हटलं, नको हो, कशाला तुम्हाला त्रास. तर मेला गप्पच झाला. पुन्हा विचारलंसुद्धा नाही बघ."

"अहो, पण तुम्हाला हवंय ना ते?"

"हवंय तर. बारशाला जायचंय मला वैशाखात. मी आपली वाट बघत बसले, आता विचारेल, मग विचारेल. काय ही रीत? एकदा विचारायचं आणि पाठ फिरवायची!"

मी पलंगाच्या कडेवर बसले.

लग्नानंतरच्या पहिल्याच होळीला मी वहिनींना विचारलं होतं, आणखी एक पोळी वाढू का. त्या नको म्हणाल्या. मी परात आत ठेवून दिली. सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात नेऊन सांगितलं, "ती उपाशी उठली. दोनदा नाही म्हणायचं असतं, तिसऱ्यांदा वाढून टाकायचं असतं. तुझ्या कॉम्प्युटरात हे शिकवत नाहीत?" त्यानंतर बावन्न वर्षं मी वहिनींना प्रत्येक गोष्ट तीनदा विचारत आले होते. साडी, चहा, तीर्थयात्रा, डोळ्याचं ऑपरेशन. विचारताना मी ते मोजतसुद्धा नसे. आणि ओळ लिहायला बसले तेव्हा माझ्या डोक्यात ते आलं नाही. ओळ लिहिताना मी कार्यालयातली बाई होते आणि कार्यालयात एकदाच विचारतात.

"हो म्हणा पेटीला," मी म्हटलं.

वहिनींनी पदर सावरला आणि पेटीकडे बघून म्हणाल्या, "हो. बसव बाबा."

"आपल्या नकाराची नोंद झाली आहे," पेटी म्हणाली. "पुढील विचारणा गुरुवारी सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी होईल."

"बघ. कसा ताठ आहे."

त्या दिवशी सोमवार होता. बाहेर येऊन मी केतकीला विचारलं, गुरुवारपर्यंत निभेल का.

"ठिबकीचा परिणाम उतरत चालला आहे. उद्या सकाळपर्यंतही सांगता येत नाही." मग ती हळूच म्हणाली, "शुद्ध गेली तर दुसरी ओळ लागू होईल ना?"

"नाही. नकार आधी वाचला जातो. पहिल्या ओळीत खरं सापडलं की मशिन खाली येतच नाही."

"तुम्हीच वर घातलीत ती ओळ."

"माहीत आहे मला."

केतकीला नियम मोडून ऑपरेशन करता आलं नसतं. पेटीच्या नोंदीशिवाय ऑपरेशनच्या खोलीचं दार उघडत नसे, आणि उघडलं असतं तरी तिची सनद गेली असती. वहिनींना दुसऱ्या दवाखान्यात हलवायला नाडी साथ देत नव्हती. उरला नियम बदलण्याचा मार्ग. माझी सही, तिची सही, आणि बदल त्याच क्षणी सगळ्या वॉर्डाला लागू.

आम्ही आधी शहाण्यासारखा प्रयत्न केला. खरा नकार आणि रीतीचा नकार यांत फरक करणारी अट लिहायची. वहिनी म्हणाल्या होत्या, "कशाला तुम्हाला त्रास." मला वाटलं, जो स्वतःपेक्षा दुसऱ्याच्या त्रासाचं बोलतो त्याला हवं असतं. केतकीनं वर्षभरातल्या नकारांचं ध्वनिमुद्रण काढलं. त्रेचाळीस नकार. आम्ही दोघींनी कानाला लावून सगळे ऐकले.

"नको, पोराची रजा जाईल."

"राहू दे, कशाला एवढा खटाटोप."

"नको गं बाई, सुनेला किती करायला लावायचं."

त्रेचाळिसांतल्या एकोणतीस जणांनी दुसऱ्याचंच नाव काढलं होतं. त्यांच्यातल्या किती जणांना खरंच नको होतं, हे आवाजावरून सांगता येईना. केतकीनं कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवलं. "ही सुनेचं बोलणारी आजी," ती म्हणाली, "दोन दिवस पेटीकडे बघत होती. मला वाटलं, घाबरली आहे."

ती आजी त्याच आठवड्यात गेली होती. त्रेचाळिसांपैकी एकतीस जणांच्या नावापुढे तसाच शेरा होता. चार वाजत आले होते.

"ओळींची अदलाबदल करू," केतकी म्हणाली. "शुद्ध वर, नकार खाली."

"मग अकरा नंबरचे बेशुद्ध पडताच त्यांना न विचारता डायलिसिसवर घेशील. त्यापेक्षा विचारणं बरं. एका नकाराऐवजी तीन नकार करू. दोन विचारण्यांत दहा मिनिटं सोडू."

"त्यांनाही पुन्हा विचारलं जाईल मग."

"आणखी दोनदा. तीनदा नाही म्हणाले की सुटले."

मी अकरा नंबरला गेले. न सांगता करणं मला बरं वाटेना. सतारमेकर खिडकीकडे तोंड करून पडले होते. बोटांच्या पेरांना तारेचे जुने घट्टे होते.

"मी ते पान लिहिणारी," मी म्हटलं.

"अच्छा, तुम्ही! मला तुम्हाला भेटायचंच होतं. शुक्रिया म्हणायचं होतं."

"कशाबद्दल?"

"एक्क्याऐंशी वर्षांत मला कुणी एकदा विचारून ऐकलं नव्हतं. अम्मी नाही, बीवी नाही. दुकानात गवय्ये यायचे, मी म्हणायचो, ही सतार विकायची नाही. ते तास-तास बसायचे. शेवटी मी देऊन टाकायचो. मला नाही टिकवता येत नाही बाई, तेवढा एक ऐब आहे माझ्यात. तुमच्या पेटीनं विचारलं, मी नको म्हटलं, संपलं. काय आराम वाटला म्हणून सांगू."

मी त्यांना सांगितलं की नियम बदलतो आहे. का, तेही सांगितलं. नऊ नंबरची बाई माझी जाऊ आहे, हेही लपवलं नाही.

"नऊ नंबरवाल्या बाईंनी आज सकाळी मला त्यांच्यातला लाडू पाठवला," ते म्हणाले. "चांगल्या आहेत. त्यांना वाचवा. मी म्हणेन अजून दोनदा. फक्त शबाना समोर नसताना विचारायला सांगा. ती समोर असली की मला जमत नाही."

मी मान हलवली. भेटायची वेळ चार ते सहा होती. मी ठरवलं, सहा वाजून गेल्यावर सही करू.

पाच वाजून सहा मिनिटांनी केतकी धावत आली. वहिनींची नाडी सव्वीसवर आली होती आणि त्या मला ओळखत नव्हत्या, मधूनच माझ्या सासूबाईंशी बोलत होत्या. ऑपरेशनची खोली तयार होती. केतकीनं उभ्याउभ्या सही केली आणि सहीची पाटी माझ्या हातात दिली. वॉर्डची काचेची भिंत माझ्यासमोर होती. नऊ नंबरला वहिनी, अकरा नंबरला सतारमेकर. त्यांच्या पलंगाशी शबाना उभी होती, थर्मासमधून कपात काहीतरी ओतत.

मी पाच वाजून दहा मिनिटांनी सही केली.

दोन्ही पेट्या एकदमच बोलू लागल्या. वहिनी त्या आवाजानं क्षणभर भानावर आल्या. "आपल्या हृदयाला पेसमेकर बसवायचा आहे. बसवू का?"

"आता एवढं म्हणतोयस," वहिनी पुटपुटल्या, "तर बसव."

पेटीनं ते होकारात धरलं. पलंग निघाला. मी काचेपाशीच राहिले. आतलं सगळं ऐकू येत होतं.

सतारमेकर मोठ्यानं म्हणाले, "नको." दुसरा नकार. शबाना दचकली. तिनं पेटीकडे पाहिलं, मग वडिलांकडे. तिनं विनवणी केली नाही, रडली नाही. थर्मासचं झाकण घट्ट लावलं आणि स्टुलावर बसली. दहा मिनिटं दोघंही बोलले नाहीत. एकदा तिनं त्यांच्या पायावरची शाल सारखी केली, तेवढंच. पाच वाजून वीस मिनिटांनी पेटीनं तिसऱ्यांदा विचारलं. सतारमेकरांनी मान वळवून काचेतून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "बरं. करा."

कुमुदवहिनी त्यानंतर पाच वर्षं जगल्या. वैशाखातल्या बारशाला गेल्या, पुढे त्या मुलीला शाळेतही सोडून आल्या. तो मेला शेवटी ताळ्यावर आला, असं त्या सगळ्यांना सांगत. अकरा नंबरचं मी त्यांना सांगितलं नाही.

केतकीनं ते त्रेचाळीस आवाज वर पाठवले. चौकशी झाली, माझं पान तीन जिल्ह्यांतून उतरवलं गेलं. आता दाखल होताना प्रत्येकाला आधी एक प्रश्न विचारतात: तुम्हाला किती वेळा विचारल्यावर तुमचं उत्तर खरं धरायचं? माणूस आकडा सांगतो, आणि पहिल्या ओळीत 'एका'च्या जागी तो आकडा बसतो. ही कल्पना केतकीची. ती सध्या मुंबईत नियम तपासणाऱ्या मंडळावर आहे आणि दवाखान्यात परत जायचं म्हणते, पण गेलेली नाही. माझी नोकरी त्याच महिन्यात मी सोडली. कुणी सोडायला सांगितलं नव्हतं.

दस्तगीर सतारमेकर चौदा महिने डायलिसिसवर होते. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. त्या काळात त्यांनी शबानाला तारांखालची घोडी घासून जवारी काढायची, म्हणजे सूर खुलवायची विद्या शिकवली, जी त्यांनी तोवर कुणालाच शिकवली नव्हती. ती सांगते की ते महिने तिच्या आयुष्यातले सगळ्यात चांगले होते. ते स्वतः काय म्हणत, ते मला माहीत नाही. नवा नियम आला तेव्हा त्यांनी आकडा सांगितला, एक. मग पेटीनं विचारलं आणि ते नको म्हणाले. शबाना तेव्हा दुकानात होती.

मी तिच्याकडे मागच्या वर्षी गेले. दुकान छान चाललं आहे. अर्धवट झालेल्या तंबोऱ्यांच्या मधोमध तिनं मला बसवलं आणि बऱ्याच गप्पा झाल्यावर, हातातलं काम न थांबवता विचारलं, "मॅडम, त्या दिवशी सही करण्याआधी मला बाहेर बोलवावं, असं तुम्हाला सुचलं नव्हतं का?"

"नाही," मी म्हणाले.

तिनं पुन्हा विचारलं नाही.

सुचलं होतं. काचेच्या दारापासून अकरा नंबरचा पलंग वीस पावलांवर होता.